भाड्याने दिलेलं विमान परत मिळवताना: कोर्टाकडून नेमकं काय मागायचं

गाडीचे हप्ते थकले की फायनान्सवाल्यांची माणसं येतात, गाडी उचलून नेतात आणि भांडण नंतर होतं. विमानाला ही सोय नाही. ते विमानतळाच्या कुंपणाआड, सीआयएसएफच्या पहाऱ्यात उभं असतं. त्याच्या जवळ जायलाही प्रवेशपास लागतो आणि न्यायचं म्हटलं तर उडवूनच न्यावं लागतं. करार कितीही कडक असू दे, शेवटी डीजीसीएचा (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा) नाहीतर कोर्टाचा कागद हातात असावा लागतो.

तो कागद कसा लिहून घेतलाय, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. ‘विमानाचा ताबा द्यावा’ एवढीच ओळ असलेला आदेश घेऊन विमानतळावर गेलात तर बऱ्याचदा हात हलवत परत यावं लागतं. विमान जागेवर असतं, पण त्याचं एक इंजिन दुसऱ्याच विमानाला लावलेलं असतं, लॉगबुकं तिसऱ्याच शहरातल्या कपाटात असतात आणि पार्किंगचं बिल कुणी भरलेलं नसतं.

इथे भारतात नोंदलेल्या, म्हणजे ‘व्हीटी’ अक्षरांच्या विमानांचा आणि ड्राय लीजचा, म्हणजे वैमानिकांशिवाय नुसतं विमान भाड्याने देण्याचा, विचार केला आहे. वेट लीजमध्ये वैमानिक आणि देखभाल मालकाचीच असते, त्यामुळे तिथे ताब्याचा प्रश्न सहसा इतका चिघळत नाही.

आधी एक छोटी तपासणी: हे विमान केप टाउन करारात बसतं का?

केप टाउन करार म्हणजे विमानांसारख्या देशोदेशी फिरणाऱ्या वस्तूंवरचे मालकांचे आणि बँकांचे हक्क जपणारा आंतरराष्ट्रीय करार. तो आणि त्याचा विमानविषयक प्रोटोकॉल (पूरक करार) २००१ चा. भारतात तो १ जुलै २००८ पासून लागू झाला. पण तो सगळ्या विमानांना लागत नाही. विमानाचा सांगाडा वैमानिकांसह किमान ८ माणसं किंवा २,७५० किलोंपेक्षा जास्त माल नेण्यासाठी प्रमाणित असावा लागतो. हेलिकॉप्टरला ही मर्यादा ५ माणसं किंवा ४५० किलोंपेक्षा जास्त माल अशी आहे. जेट इंजिनाचा जोर किमान १,७५० पौंड हवा.

एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ असेल तर हा प्रश्नच उद्भवत नाही. पण प्रशिक्षण संस्थेला भाड्याने दिलेलं चार आसनी सेसना १७२ या चौकटीच्या बाहेर राहतं. अशा मालकाला केप टाउनची हत्यारं मिळत नाहीत. त्याला साधा दिवाणी कायदाच वापरावा लागतो. ही तपासणी पाच मिनिटांची आहे. ती न करता मसुदा लिहिला तर पहिल्याच तारखेला समोरचा वकील त्यावर बोट ठेवतो.

करार लागू होत असेल तर डब्लिनच्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीत त्या विमानाचा शोध घ्या. ही नोंदवही पूर्ण इलेक्ट्रॉनिक आहे आणि शोध उत्पादकाच्या अनुक्रमांकावरून घेतला जातो. सांगाड्याचा वेगळा, प्रत्येक इंजिनाचा वेगळा. आपल्या आधी कुणा बँकेचा हितसंबंध, म्हणजे त्या विमानावरचा हक्क, नोंदलेला असेल तर तिची संमती किंवा तो हितसंबंध फेडल्याचा पुरावा पुढे डीजीसीए मागणारच आहे. तो आत्ताच गोळा करायला लागा.

गो फर्स्टचं वर्ष विसरू नका

२ मे २०२३ रोजी गो फर्स्ट या विमान कंपनीने स्वतःहून दिवाळखोरीचा अर्ज केला. १० मे रोजी राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने तो दाखल करून घेतला आणि दिवाळखोरी संहितेच्या कलम १४ खालची स्थगिती लागू झाली. याच कलमाच्या पोटकलम (१)(ड) नुसार, कर्जबाजारी कंपनीच्या ताब्यातली वस्तू तिच्या खऱ्या मालकालाही परत घेता येत नाही. विमानमालकांनी नोंदणी रद्द करण्यासाठी केलेले अर्ज डीजीसीएकडे अडकून पडले आणि ५४ विमानं जमिनीवरच राहिली.

दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये मालकांना पाहणीची आणि देखभालीची मुभा दिली. ३ ऑक्टोबर २०२३ रोजी केंद्राने अधिसूचना काढून केप टाउनखालची विमानं, इंजिनं आणि हेलिकॉप्टरं या स्थगितीतून वगळली. तरीही प्रत्यक्ष आदेश आला तो २६ एप्रिल २०२४ रोजी: पाच कामकाजाच्या दिवसांत नोंदणीरद्दीचे अर्ज निकाली काढा. त्यानंतर आठवड्याभरातच डीजीसीएने ते काम उरकलं. म्हणजे आठवड्याच्या कामाला जवळजवळ एक वर्ष लागलं, आणि त्या वर्षात उभ्या विमानांची किंमत घसरतच राहिली.

पुढे संसदेने ‘विमान वस्तूंतील हितसंबंध संरक्षण अधिनियम, २०२५’ मंजूर केला. तो १ मे २०२५ पासून लागू आहे. त्याने केप टाउन कराराला देशी कायद्याचं बळ दिलं आणि दुसऱ्या कायद्याशी विसंगती आली तर या कायद्याचं पारडं जड ठेवलं. विमान कंपनी दिवाळखोरीत गेली तरी दोन महिन्यांत, किंवा दोघांत ठरलेल्या मुदतीत, यातली जी आधी संपेल तिच्या आत विमान परत मिळायला हवं, अशी आता चौकट आहे. पण सूट फक्त केप टाउनच्या विमानांना आहे. सेसनाचा मालक स्थगितीत अजूनही अडकतोच.

नोटीस पाठवण्यापूर्वी कपाट उघडा

कोर्टात बाजू डळमळते ती बहुतेक वेळा कागदांमुळे. मूळ भाडेकरार, त्याच्या सगळ्या दुरुस्त्या, विमान स्वीकारल्याचं प्रमाणपत्र आणि आयडीईआरए हे सगळं एका फाइलमध्ये आणा. आयडीईआरए म्हणजे विमान कंपनीने करार करतानाच दिलेलं, मागे न घेता येणारं अधिकारपत्र. त्यावरून मालक नोंदणी रद्द करून विमान देशाबाहेर नेण्याची मागणी करू शकतो. ते डीजीसीएकडे नोंदलेलं आहे का आणि ज्याच्या नावे आहे तीच कंपनी आज मालक आहे का, हे पाहा. विमानं एका मालकाकडून दुसऱ्याकडे विकली जातात आणि आयडीईआरए जुन्याच नावावर राहतं. फार साधी चूक, पण महिना खाते.

परदेशात केलेलं कुलमुखत्यारपत्र नोटरी आणि अपॉस्टिल (कागद खरा असल्याचा तिथल्या सरकारचा शिक्का) करून मागवा. परदेशात सही झालेला करार भारतात आल्यावर मुद्रांक शुल्क भरायला तीन महिन्यांची मुदत असते. ते राहिलं असेल तर आधी भरून टाका, नाहीतर करार पुराव्यात घेण्यावरच वाद सुरू होतो.

मग खातेउतारा. भाडं, देखभाल राखीव रक्कम (पुढच्या दुरुस्त्यांसाठी भाड्याखेरीज मालकाकडे जमा होणारे पैसे) आणि व्याज एकाच आकड्यात कोंबू नका. देखभाल राखीव रकमेवर नेहमी वाद असतो, भाड्यावर क्वचितच. ‘या रकमेबद्दल वाद नाही’ असा एक रकाना वेगळा करा. त्याच्या शेजारी विमान कंपनीच्या ईमेल लावा, विशेषतः ‘शुक्रवारपर्यंत भरतो’ छापाच्या. ही थकबाकीची कबुलीच असते. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र सोबत जोडलं की इलेक्ट्रॉनिक पुराव्यावर हरकतीला जागा राहत नाही.

नोटिसा, आणि नोटीस दिल्यानंतर गप्प बसणं

क्रम साधारण असा: आधी कसूर झाल्याची नोटीस, करारात दिलेली मुदत संपू द्या, मग विमान जमिनीवर उभं करण्याची आणि करार संपवण्याची नोटीस. करारात नोटिशीचा जो पत्ता आणि जी पद्धत लिहिली असेल, अगदी त्याच पद्धतीने पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘पोहोचली’ असं उत्तर आलं म्हणून कुरिअर टाळू नका. २०२५ च्या कायद्याने आणखी एक पायरी घातली आहे: कोणताही उपाय वापरण्याआधी कसूर झाल्याचं डीजीसीएला कळवावं लागतं. हे पत्र आणि त्याची पोच दोन्ही जपून ठेवा.

करार संपवल्यावर विमान कंपनी हमखास थोडे पैसे पाठवते. ते ‘भाडं’ म्हणून जमा केलेत तर करार चालूच आहे, असा युक्तिवाद उभा राहतो. आलेली रक्कम थकबाकीपोटी, आपले सगळे हक्क राखून स्वीकारत असल्याचं त्याच दिवशी लिहून कळवा. आणि तुमच्या विक्री विभागाला सांगा, नव्या भाड्याबद्दल गोड ईमेल आता बंद.

पहिला दरवाजा डीजीसीएचा

आयडीईआरए नीट असेल तर लगेच कोर्टात जायची गरज नसते. १९३७ च्या विमान नियमांतल्या नियम ३०(७) प्रमाणे आयडीईआरएधारकाने योग्य कागदांसह अर्ज केला की पाच कामकाजाच्या दिवसांत नोंदणी रद्द व्हायला हवी. इथे डीजीसीएने दोघांचं भांडण सोडवत बसायचं नसतं. २०१५ मध्ये स्पाइसजेटच्या विमानांबाबत दिल्ली उच्च न्यायालयाने ही भूमिका स्पष्ट केली आणि नोंदणी रद्द करण्याचा आदेश डीजीसीएला दिला.

दिवस मोजत राहा. पाच दिवस उलटूनही हालचाल नसेल तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका. या रिटमध्ये विमान कंपनीच्या तक्रारी, आर्थिक अडचणी, जुने हिशेब यांना हात लावू नका. मुद्दा एकच: नियमाने सांगितलेलं काम अधिकाऱ्याने केलेलं नाही.

पण नोंदणी रद्द झाली म्हणून विमान ताब्यात आलं असं होत नाही. ती कागदावरची बाब झाली. विमान कंपनीने दार उघडलं नाही, वस्तू लपवल्या किंवा इंजिनं हलवली तर दिवाणी आदेश लागतोच.

कोणत्या कलमाखाली, कुठे

करारातलं वादनिवारणाचं कलम आधी वाचा. लवादाचं कलम असेल तर लवाद कायद्याच्या कलम ९ खाली अंतरिम संरक्षणाचा अर्ज. लवादाची जागा परदेशात असली तरी, करारात उलट काही लिहिलेलं नसेल तर, २०१५ च्या दुरुस्तीनंतर कलम ९ वापरता येतं. त्यात एक सापळा आहे: अंतरिम आदेश मिळाल्यापासून ९० दिवसांत लवाद सुरू करावा लागतो. आदेश मिळाल्याच्या आनंदात ही तारीख निसटते.

करार इंग्लंडच्या कायद्याखाली आणि तिथल्या कोर्टांच्या अधिकारात असणं नेहमीचंच. तिथून विमान परत देण्याचा आदेश आणला की इथे थेट अंमलबजावणी होईल असं अनेकांना वाटतं. तसं नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ४४अ पैशांच्या हुकूमनाम्यांसाठी आहे. विमान परत द्या, या इंग्लिश आदेशासाठी इथे वेगळी कारवाई करावी लागते. म्हणून विमान भारतात असेल तर ताब्यासाठी भारतातच या. पैशांचा वाद हवा तर लंडनमध्ये चालू द्या.

लवादाचं कलम नसेल तर व्यापारी दावा. त्याचा पाया विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ७ आणि ८ मध्ये आहे: जंगम वस्तू ज्याची नाही त्याच्या हातात असेल तर ती हक्कदाराला परत देण्याचा हुकूम. व्यापारी दाव्याआधी मध्यस्थीची पायरी सक्तीची असते, मात्र तातडीचा अंतरिम दिलासा मागत असाल तर ती लागत नाही. ती तातडी खरी असल्याचं दाव्याच्या मजकुरातच तारखांनिशी दिसू द्या. सहा महिने हातावर हात ठेवून बसलेल्या मालकाची तातडी कोर्टाला पटत नाही.

मागण्यांचं पान: सगळा जीव इथे

दाव्यातल्या कथनावर वकील दहा दिवस घालवतात आणि मागण्या शेवटच्या रात्री लिहितात. उलटं करा. विमानतळावर उभे आहात असं समजा, आणि तिथून मागे येत लिहा: मला कोण अडवेल, कशावरून अडवेल, आणि त्याला आदेशातली कोणती ओळ दाखवली की तो बाजूला होईल?

सगळ्यात आधी वस्तूची ओळख. सांगाड्याचा अनुक्रमांक, नोंदणीचिन्ह, दोन्ही इंजिनांचे अनुक्रमांक, सहायक पॉवर युनिट, लँडिंग गिअर. इंजिन ही वेगळी मागणी म्हणूनच लिहा, ‘आज ते ज्या कोणत्या विमानाला लावलेलं असेल तिथून’ या शब्दांसह. २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात स्पाइसजेटविरुद्ध चाललेलं एक प्रकरण निव्वळ तीन इंजिनांचं होतं. तिथे विमान कंपनीने कोर्टासमोर पैसे भरायचं वेळापत्रक मान्य केलं आणि पाळलं नाही. १४ ऑगस्टला एकल न्यायाधीशांनी १६ तारखेपर्यंत इंजिनं वापरातून काढण्याचा आणि पंधरा दिवसांत परत देण्याचा आदेश दिला. सप्टेंबरमध्ये खंडपीठाने तो उचलून धरला आणि सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप केला नाही. आदेशात ‘उडवणं थांबवा’ आणि ‘परत द्या’ अशा दोन वेगळ्या तारखा होत्या, हे टिपून ठेवा. पहिली तारीख जवळची असली की रोजची झीज तिथेच थांबते.

दुसरी मागणी कागदांची. विमानाची नोंद पुस्तकं, इंजिन लॉग, आयुष्यमर्यादा असलेल्या प्रत्येक सुट्या भागाचा तयार झाल्या दिवसापासूनचा इतिहास, उड्डाणयोग्यतेची प्रमाणपत्रं, डिजिटल डेटा आणि त्याचे पासवर्ड. इतिहास तुटलेला भाग बाजारात भंगाराच्या भावाने जातो, मग तो कितीही चकचकीत दिसू दे. माझ्या मते विमान आणि कागद यांपैकी एकच आधी मिळणार असेल तर कागद आधी घ्यावेत. विमान सहजासहजी कुठे पळत नाही. फाइली गहाळ होतात.

तिसरी, मधल्या काळातली जपणूक. सुटे भाग काढण्यास मनाई, विमा चालू ठेवणं, इंजिनांची ठरावीक काळाने तपासणी, तोंडं झाकून ठेवणं. विमान कंपनी हे करणार नसेल तर मालकाच्या तंत्रज्ञांना ते करू द्यावं, आणि त्यासाठी प्रवेशपास देण्यात विमानतळचालकाने सहकार्य करावं.

चौथी मागणी बहुतेक मसुद्यांत नसतेच: ज्यांच्या हातात प्रत्यक्ष किल्ल्या आहेत त्यांना आदेश. विमानतळचालक, देखभालीचं हँगर चालवणारी कंपनी, डीजीसीए यांना प्रतिवादी करा. नाहीतर हँगरवाला सरळ सांगतो, ‘हा आदेश माझ्यावर नाही’. त्याचं दुरुस्तीचं बिल थकलेलं असेल तर माल अडवून धरायचा त्याचा स्वतंत्र हक्कही असू शकतो.

पाचवी, कोर्ट कमिशनर (पाहणीसाठी कोर्टाने नेमलेला माणूस) आणि पंचनामा. आणि अंतिम हुकूमनाम्यात विमान मिळालं नाही तर पर्यायी रक्कम किती, हेही मागून ठेवा. जंगम वस्तूच्या हुकूमनाम्यात ती रक्कम नमूद करावी लागते.

आता हे दोन मजकूर शेजारी ठेवून पाहा.

ढिला: ‘प्रतिवादीने दाव्यातील विमानाचा ताबा वादीस द्यावा.’

घट्ट: ‘प्रतिवादी क्रमांक १ ने आदेशापासून ४८ तासांत परिशिष्ट अ मधील विमान व इंजिने वापरातून काढावीत. प्रतिवादी क्रमांक १ ने परिशिष्ट ब मधील नोंदी सात दिवसांत कोर्ट कमिशनरसमोर वादीच्या प्रतिनिधीकडे द्याव्यात. प्रतिवादी क्रमांक २ ने वादीच्या परिशिष्ट क मधील व्यक्तींना विमानाजवळ जाऊ द्यावे.’

दुसऱ्यात प्रत्येक वाक्याला एक कर्ता आहे आणि जिथे मुदत चुकू शकते तिथे ती लिहिलेली आहे. उद्या अवमानाची नोटीस द्यायची वेळ आली तर बोट नेमकं कुणावर ठेवायचं हा प्रश्न पडत नाही.

सुनावणीत

विमान कंपनीने कॅव्हेट (आमचं ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका, असा अर्ज) दाखल केलेलं असेल तर एकतर्फी आदेशाची आशा सोडा. ती सहसा तीनच गोष्टी म्हणते: पैसे येत आहेत, प्रवाशांचे हाल होतील, आणि विमान गेलं तर कंपनी बुडेल. यावर आरडाओरडा करू नका. वाद नसलेल्या रकमेचा रकाना न्यायाधीशांसमोर ठेवा. हप्त्यांचा प्रस्ताव आला तर नाकारायलाच हवा असं नाही, पण एका अटीवर: पहिला हप्ता चुकला की पुढच्या सुनावणीची वाट न पाहता विमान जमिनीवर, हे वाक्य त्याच दिवशीच्या आदेशात आलं पाहिजे. कोर्ट मालकाकडून नुकसानभरपाईची हमी मागू शकतं. ती लिहून तयार ठेवा.

आदेश हातात आला, आता डांबरावर

पाहणीला जाताना तांत्रिक माणूस, फोटो काढणारा आणि कमिशनर एकत्र न्या. इंजिनाचं झाकण उघडून डेटा प्लेटवरचा क्रमांक आधी वाचा, मोठ्याने, पंचनामा लिहिणाऱ्याला ऐकू जाईल असा. मग कॉकपिट. उपकरणांच्या पट्टीत चौकोनी भोकं आणि लोंबत्या वायरी दिसल्या तर तिथला एकेक संगणक दुसऱ्या विमानात गेलाय असं समजा. प्रत्येक रिकाम्या जागेचा फोटो, त्याखाली भाग क्रमांक. विमान कंपनीच्या अभियंत्याची सही घ्या. तो नाकारेल, तर नकारही लिहून घ्या.

थकलेली विमानतळ शुल्कं आणि सरकारी देणी भरल्याशिवाय विमान देशाबाहेर जात नाही. सार्वजनिक सेवांच्या थकबाकीसाठी विमान अडवायचा हक्क नव्या कायद्यातही राखलेला आहे. ही रक्कम मालकाला आपल्या खिशातून भरावी लागते, वसुली नंतर. हिशेबात ती पहिल्या दिवसापासून धरा. हुकूम मोडला तर दिवाणी संहितेच्या आदेश २१ नियम ३१ खाली जप्ती किंवा दिवाणी कैदेचा अर्ज करता येतो. प्रत्यक्षात अवमानाची नोटीस लवकर परिणाम करते.

शेवटचा घोटाळा होतो तो क्रमात. भारतातली नोंदणी रद्द झाली की त्या क्षणापासून विमान कुठल्याच देशाचं राहत नाही, आणि विनानोंदणीचं विमान उडू शकत नाही. नव्या देशातली नोंदणी, फेरी फ्लाइटचा (प्रवाशांविना विमान फक्त हलवण्याच्या उड्डाणाचा) परवाना, त्या मुदतीचा विमा, त्या प्रकारच्या विमानाचे वैमानिक, सीमाशुल्काचे निर्यात कागद, हे सगळं रद्दीचा अर्ज टाकण्याआधी तयार ठेवा. नाहीतर ‘व्हीटी’ अक्षरं पुसलेलं आपलंच विमान त्याच पार्किंगमध्ये उभं राहतं, आणि आता त्याचं रोजचं बिल आपल्या नावावर येतं.